हॅसलब्लाड ५०० मालिका: पहिला कॅमेरा घेताना कोणती लेन्स, कोणतं मॅगझिन, कोणतं मॉडेल

जुना हॅसलब्लाड घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ५००सी/एम बरा की ५०१सीएम? की आणखी थोडे पैसे घालून थेट ५०३सीडब्ल्यूच घ्यावा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. या कॅमेऱ्यात निगेटिव्हवर काय उमटणार ते लेन्स ठरवते, शटर ठरवतं आणि फिल्म किती सपाट नि किती अंधारात राहते त्यावर ठरतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी लेन्सच्या नळकांड्यात असतात, तिसरी मॅगझिनमध्ये, म्हणजे फिल्मच्या मागच्या डब्यात. मधली बॉडी म्हणजे एक आरसा, फोकस बघायची एक काच, मागचा पडदा आणि सगळ्यांना एकदम चावी भरणारी यंत्रणा. सुरुवातीच्या काळातला ५००सी आणि २०१३ मध्ये बंद झालेला ५०३सीडब्ल्यू यांवर तीच लेन्स, तेच मॅगझिन लावून फोटो काढा. निगेटिव्ह पाहून कुठली कोणत्या बॉडीतली हे ओळखता येणार नाही.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो: आधी घराणं, मग लेन्स, मग मॅगझिन, आणि त्यानंतर बॉडी. पैसेही याच क्रमाने राखून ठेवा.

पायरी १: घराणं ओळखा

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये १६००एफ बाजारात आणला. त्याचं शटर बॉडीत होतं आणि ते फार नाजूक निघालं. १९५२ चा १०००एफ त्याच वाटेवरचा. हे दोन्ही आज संग्राहकांचे कॅमेरे आहेत. त्यांच्या लेन्स पुढच्या बॉडींना बसत नाहीत, म्हणून जाहिरातीत कितीही देखणे दिसले तरी पहिला कॅमेरा म्हणून त्यांच्याकडे वळू नका.

१९५७ मध्ये ५००सी आला आणि शटर बॉडीतून निघून लेन्समध्ये गेलं. नावातले ५०० म्हणजे सर्वांत वेगवान शटर, १/५०० सेकंद. सी म्हणजे लेन्समधलं कॉम्पूर शटर. या एका बदलाचा मोठा फायदा असा की फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो, अगदी १/५०० लासुद्धा. भर दुपारी उन्हात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्लॅशचा उजेड टाकून मागचं आकाश गडद ठेवायचं असेल तर ही सोय किती मोलाची ते कळतं. बॉडीत पडदा असलेल्या त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना हे जमत नसे. स्टुडिओ आणि जाहिरातीच्या कामात हॅसलब्लाड रुळला, त्यामागे हे एक मोठं कारण.

याच काळातली दोन भावंडं वेगळी ओळखून ठेवा. एसडब्ल्यूसीमध्ये ३८ मिमी बायोगॉन लेन्स कायमची जोडलेली असते आणि आरसाच नसतो. वास्तू नि निसर्गचित्रांसाठी तो अप्रतिम आहे, पण फोकस अंदाजाने लावावा लागतो. दुसरं भावंड २००० आणि २०० मालिका: १९७७ च्या २०००एफसीपासून पुढे कंपनीने शटर पुन्हा बॉडीत आणलं. २००० मालिकेचा धातूचा पातळ पडदा बोटाच्या धक्क्यानेही चुरगळतो आणि त्याचे सुटे भाग मिळणं कठीण. या मालिकेच्या एफ लेन्समध्ये शटर नसतं, त्यामुळे त्या ५०० च्या बॉडीवर निरुपयोगी. विकणारा फक्त 'हॅसलब्लाड लेन्स' एवढंच लिहितो तेव्हा फोटो मोठा करून शटरच्या वेगाचे आकडे लेन्सवर आहेत का ते बघा. नसतील तर ती एफ लेन्स.

पायरी २: लेन्स

पहिली लेन्स ८० मिमी एफ/२.८ प्लानारच असावी. सहा बाय सहा सेंटीमीटरच्या निगेटिव्हवर ती डोळ्याला सहज वाटेल असं दृश्य देते, वजनाला हलकी आहे, आणि बहुतेक संच तिच्यासकटच विकले जातात. प्रश्न उरतो तो कोणत्या पिढीची.

सी पिढी १९५७ ते १९८२. धातूचं नळकांडं, आधी चांदीच्या रंगात, नंतर काळं. शटर सिंक्रो-कॉम्पूर. पुढे टी* हे बहुस्तरीय कोटिंग आलं. ते असेल तर समोरच्या कड्यावर टी* लाल रंगात दिसतं. टी* कोटिंग नसलेली सी लेन्स टाकाऊ मुळीच नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तिचा मऊपणा मला तर आवडतो. मात्र समोरून ऊन येत असेल तर हुड लावल्याशिवाय वापरू नका.

सी लेन्सची एक खोड नवख्याला पहिल्या दिवशीच गोंधळात टाकते: शटर आणि अपर्चरची कडी एकमेकांना जोडलेली असतात. एक फिरवलं की दुसरंही फिरतं. हा बिघाड नव्हे, हिशोब आहे. समजा १०० आयएसओची फिल्म आहे आणि स्वच्छ ऊन पडलंय. उजेड मोजणारा मीटर ईव्ही १५ दाखवतो. ईव्ही म्हणजे सारखाच उजेड देणाऱ्या शटर-अपर्चरच्या जोड्यांचा आकडा. लेन्सच्या बाजूची छोटी पट्टी दाबून कडी सुटी करा आणि ईव्हीच्या आकड्यांवर १५ जुळवा: १/१२५ आणि एफ/१६ येईल. आता पट्टी सोडून कडं फिरवा. १/२५० झालं की अपर्चर आपोआप एफ/११ होतं, १/५०० झालं की एफ/८. फिल्मवर पडणारा उजेड तितकाच राहतो, बदलतो शटरचा वेग आणि खोली, म्हणजे पुढे-मागे किती अंतरापर्यंत चित्र धारदार दिसतं ते. ऊन तेच असेपर्यंत मीटर पुन्हा काढायची गरज नाही. एक्स्पोजर शिकण्यासाठी याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

१९८२ ला सीएफ पिढी आली. शटर प्रॉन्टर झालं, फोकसचं कडं रबराचं नि पकडायला सोपं झालं. कड्यांची जोडणी उलट झाली: एरवी ती सुटी, बटण दाबलं तर जोडलेली. सी लेन्समधला सेल्फ-टायमर मात्र गेला. सीएफवर शटरच्या आकड्यांच्या शेवटी एक 'एफ' खूण असते. ती बॉडीत पडदा असलेल्या मालिकेसाठी. ५०० च्या बॉडीवर ती चुकूनही लावू नका, कारण मग लेन्सचं शटर उघडंच राहतं आणि फ्रेम जळते. नंतरच्या सीबी लेन्समध्ये ही खूण नाही, सीएफआय मध्ये आतली यंत्रणा आणखी सुधारली.

कोणती घ्यावी? कॉम्पूर शटरचे काही भाग, विशेषतः स्प्रिंगा, आता दुर्मीळ आहेत. प्रॉन्टरची दुरुस्ती तुलनेने सोपी. रोज वापरायचा कॅमेरा असेल आणि बजेट असेल तर सीएफ घ्या. बजेट आवळ असेल तर नुकतीच सर्व्हिसिंग झालेली सी घ्या, वर्षानुवर्षं कपाटात पडलेली सीएफ नको. फिल्टरचा खर्चही धरा: ८० मिमीच्या सी लेन्सला ५० नंबरचे बायोनेट (फिरवून अडकवायचे) फिल्टर लागतात, सीएफला ६० नंबरचे. दोन्ही पिढ्या मिसळल्या तर फिल्टरचे दोन संच होतात.

दुसरी लेन्स घ्यायची घाई नको. पुढे कधी घ्याल तेव्हा चेहऱ्यांसाठी १५० मिमी सोनार एफ/४ आणि मोकळ्या दृश्यासाठी ५० मिमी डिस्टागॉन एफ/४, ही जोडी बहुतेकांना पुरते.

पायरी ३: मॅगझिन

मॅगझिन म्हणजे फिल्मचा मागचा डबा. रोल अर्धा झालेला असतानाही तो काढून दुसरा लावता येतो: एकात रंगीत, एकात काळी-पांढरी. अपोलो ११ च्या मोहिमेत चंद्रावर वापरलेला हॅसलब्लाड वजन वाचवण्यासाठी तिथेच ठेवला आणि फक्त फिल्मची मॅगझिन्स पृथ्वीवर आणली, ती याच रचनेमुळे.

तुम्हाला हवं ते ए१२. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा चौरस फ्रेम. त्याआधीच्या साध्या १२ मॅगझिनला मागे एक छोटं भोक असतं. त्यातून कागदावरचा १ हा आकडा बघून पहिली फ्रेम जुळवावी लागते. चालतं तेही, स्वस्तही पडतं, पण नवख्याला ए१२ सोपं. ए१६ मध्ये सोळा आयताकृती फ्रेम मिळतात. ए२४ हे २२० च्या रोलसाठी, आणि २२० फिल्म आता सहजी मिळत नाही; म्हणूनच ए२४ स्वस्तात दिसतं. स्वस्त म्हणून उचलू नका.

घेताना तीन गोष्टी बघा. आतला फिल्मचा सांगाडा आणि बाहेरचं कवच यांच्यावर क्रमांक असतो. सांगाड्यावरचे तीन आकडे कवचाच्या क्रमांकातल्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर ते दोन वेगवेगळ्या मॅगझिनचे तुकडे आहेत आणि फ्रेममधलं अंतर बिघडण्याची शक्यता असते. दुसरं, डार्क स्लाइड. मॅगझिन काढताना फिल्म झाकणारा धातूचा हा पातळ पत्रा सरळ हवा, वाकलेला नको, आणि तो हरवलेला असेल तर वेगळा विकत घ्यावा लागतो. तिसरं, डार्क स्लाइडच्या फटीतलं उजेड अडवणारं सील. आतला फोम काळाने भुसा होतो, मग फ्रेमच्या एका कडेने उजेडाची पट्टी उमटते. हे सील बदलणं स्वस्त आहे, थोडा हात बसला की घरीही जमतं, म्हणून केवळ सील गेलंय या कारणाने चांगलं मॅगझिन नाकारू नका. किंमत मात्र पाडून मागा.

पायरी ४: आता बॉडी

५००सी, १९५७ ते १९७०. अमेरिकन अंतराळवीर वॉल्टर शिराने १९६२ मध्ये मर्क्युरी मोहिमेत अंतराळात नेला तो हाच. यंत्र म्हणून उत्तम. अडचण काचेची: फोकसची काच वापरणाऱ्याला बदलता येत नाही आणि ती आजच्या मानाने अंधारी वाटते. घरात, संध्याकाळी, चष्मा असलेल्या डोळ्यांना फोकस लावताना त्रास होतो. किंमत खूपच कमी असेल आणि तुम्ही बाहेर उन्हात काम करणार असाल तरच विचार करा.

५००सी/एम, १९७० पासून १९९० च्या दशकापर्यंत. या मालिकेतला सर्वांत जास्त दिसणारा. ५००सी पेक्षा मुख्य बदल एकच, पण फार कामाचा: काच बदलता येते. मॅगझिन काढा, वरचा फाइंडर मागे सरकवून काढा, दोन बाजूंच्या दोन लहान खिट्ट्या सरकवा, कॅमेरा तळहातावर उपडा धरा, काच हातात पडते. एवढंच. त्यामुळे अंधाऱ्या काचेचा ५००सी/एम स्वस्तात घेऊन नंतर तेजस्वी अक्यूट-मॅट काच टाकता येते. ही काच मिनोल्टाने विकसित केली. तिच्यातल्या डी प्रकाराला कडेवर दोन अर्धगोल खाचा असतात. विकणारा 'अक्यूट-मॅट डी' म्हणत असेल तर त्या खाचांचा फोटो मागा, कारण ती काच वेगळी घेतली तर महाग पडते.

५०३सीएक्स, १९८८. अक्यूट-मॅट काच मुळातच, आणि लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप बंद करायची सोय. ही सोय चालायला त्या काळचे खास अडॅप्टर आणि फ्लॅश लागतात. आज बहुतेक जण साधा ट्रिगर लावून फ्लॅश हाताने जुळवतात, त्यामुळे या एका गुणासाठी जास्त पैसे मोजू नका. काचेसाठी मोजा.

५०१सी, १९९४. फ्लॅशची ती सोय काढून टाकलेली, साधी बॉडी. चांगल्या अवस्थेतला मिळाला तर ५००सी/एम इतक्याच विश्वासाने घ्या.

५०३सीएक्सआय (१९९४) आणि ५०३सीडब्ल्यू (१९९६) यांना मोटरचा विंडर लावता येतो. ५०३सीडब्ल्यूमध्ये आणखी एक सुधारणा आली, तीच १९९७ च्या ५०१सीएममध्ये आहे: सरकत वर जाणारा मोठा आरसा. जुन्या बॉडीत लांब लेन्स किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून टिपायला बॉडी नि लेन्सच्या मध्ये लावायची नळी) लावली की फाइंडरमधल्या दृश्याची वरची कड काळवंडते. फिल्मवर फोटो पूर्ण येतो, फक्त आपल्याला तो भाग दिसत नाही. ८० मिमीवर याने काही फरक पडत नाही. पण तुमचं काम चेहऱ्यांचं असेल, १५० किंवा २५० मिमी कायम लावून ठेवणार असाल, किंवा फुलं-किडे जवळून टिपणार असाल, तर ५०१सीएमचे जादा पैसे सार्थ आहेत. माझ्या मते या मालिकेत बॉडीवर जास्त खर्च करण्याचं हे एकमेव खरं कारण.

ईएल, ईएल/एम, ईएलएक्स, ५५३ईएलएक्स, ५५५ईएलडी हे मोटरचे. जड, आवाज मोठा. जुन्या मॉडेलांना खास रिचार्जेबल बॅटरी लागते, ५५३ईएलएक्सपासून साधे पेन्सिल सेल चालतात. मोटर बंद पडली तर हाताने चावी भरायची सोय नाही. स्टुडिओत ट्रायपॉडवर ठेवून काम करणाऱ्यांना ते कमी किमतीत मिळतात. खांद्याला लावून हिंडणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

माझा सल्ला सरळ आहे: १९७० च्या दशकाच्या शेवटी किंवा त्यानंतर बनलेला, चांगल्या अवस्थेतला ५००सी/एम, ८० मिमी सीएफ आणि जुळत्या क्रमांकाचं ए१२. बॉडी कोणत्या साली बनली हे क्रमांकाच्या आधीच्या दोन अक्षरांवरून कळतं. मॅगझिन काढलं की मागे खाली हा क्रमांक दिसतो. अक्षरांची किल्ली अशी: व्ही म्हणजे १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९, एस ०. म्हणजे यूटी असेल तर १९७६, आरपी असेल तर १९८३. मॅगझिनवरही अशीच अक्षरं असतात, त्यावरून संच मूळचा आहे की जमवलेला याचा अंदाज येतो. जमवलेला असला तरी बिघडत नाही, फक्त 'मूळ संच' म्हणून कोणी वाढीव किंमत सांगत असेल तर हे तपासा.

पायरी ५: हातात घेऊन तपासणी

शक्यतो प्रत्यक्ष बघून घ्या. परदेशातून मागवला तर शिपिंग आणि कस्टम्सचा बोजा वर पडतो, आणि परत पाठवणं जवळपास अशक्य होतं. दुरून घेणारच असाल तर खालच्या सगळ्या गोष्टींचा व्हिडिओ मागा.

डार्क स्लाइड आत सरकवा, मॅगझिन काढा. बाजूची चावी भरायची क्रँक पूर्ण फिरवा. मध्येच घट्ट होता कामा नये. शटर एक सेकंदावर ठेवा, अपर्चर पूर्ण उघडं, आणि मागून आत बघत खटका दाबून धरा. मागचे दोन झडपेसारखे पडदे उघडतील, पलीकडे लेन्सचं शटर उघडून एका सेकंदाने मिटेल. खटका सोडला की मागचे पडदे लगेच आणि पूर्ण मिटले पाहिजेत. एखादा रेंगाळला किंवा तिरका राहिला तर बॉडीला सर्व्हिसिंग हवी. मग अर्धा, पाव, १/८ सेकंद अशी उतरत्या वेळेची फेरी करा. संथ वेगांवर शटर अडखळत असेल, मध्येच थबकत असेल, तर आतलं तेल सुकलंय. कान पुरेसा नसेल तर फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या: सेकंदाला २४० फ्रेम असतील तर पाव सेकंदाचं शटर सुमारे ६० फ्रेम उघडं दिसलं पाहिजे. फार जुन्या कॉम्पूर शटरचा १/५०० चा वेग थोडा मंदावलेला असतो, त्याने घाबरू नका.

लेन्समध्ये बुरशी बघायला शटर बीवर (खटका दाबलेला असेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे ठिपके चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती नेहमी सापडते. कडेला किंचित असेल तर साफ होते, पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतो. अशी लेन्स तुमच्या इतर लेन्ससोबत एकाच बॅगेत ठेवू नका.

फोकस तपासायला दूरची वस्तू घ्या: टॉवर, डोंगराची कड. फोकसचं कडं अनंताच्या खुणेवर टेकवलं की भिंगातून काचेवर ती वस्तू धारदार दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आरशाखालचा फोम झिजलाय किंवा काच नीट बसलेली नाही. दुरुस्त होतं, पण खर्च धरून किंमत ठरवा.

पायरी ६: लेन्स काढण्या-लावण्याचा नियम

हा नियम पाळला नाही तर कॅमेरा अडकतो, म्हणून इथे थोडं थांबू. बॉडीतून एक छोटी दांडी लेन्सच्या मागच्या खाचेत बसते आणि बॉडीला चावी भरताना तीच दांडी फिरून लेन्सच्या शटरलाही चावी भरते. त्यामुळे लेन्स काढताना आणि लावताना दोघांनाही चावी भरलेली असलीच पाहिजे. शेवटचा फोटो काढला, क्रँक फिरवला, मगच लेन्स काढायची. सुटी लेन्स हातात असेल तर मागच्या दांडीची खाच लाल ठिपक्याशी सरळ जुळते का बघा. जुळत असेल तर चावी भरलेली आहे. नसेल तर योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने ती खाच फिरवून चावी भरता येते.

एक्स्टेन्शन ट्यूब लावताना आधी ट्यूब बॉडीवर, मग लेन्स ट्यूबवर. काढताना उलट: आधी लेन्स, मग ट्यूब. क्रम चुकला की दांडी अर्धवट फिरते आणि लेन्स ना काढता येते ना खटका दाबता येतो. असं झालं तर जोर लावू नका. मॅगझिन काढून मागून लांब स्क्रूड्रायव्हरने ती दांडी फिरवून अडकलेली लेन्स सोडवता येते, पण त्यात काचेला ओरखडा जाण्याचा धोका असतो. पहिल्या वेळी जाणत्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

पायरी ७: पहिला रोल

मॅगझिनमधून सांगाडा बाहेर काढा. रोल आणि रिकामी रीळ जागेवर बसवा. कागदाचं टोक ओढताना काळी बाजू बाहेर, म्हणजे लेन्सकडे असली पाहिजे. उलटं बसवलं तर अख्खा रोल कागदाचेच फोटो काढतो. सांगाड्याची किल्ली फिरवून पट्टी उघडा, कागद तिच्याखालून घाला, टोक रिकाम्या रिळेच्या फटीत अडकवा आणि कागदावरचा बाण सांगाड्यावरच्या खुणेसमोर येईपर्यंत फिरवा. बाण खुणेपुढे गेला तर पहिली फ्रेम हातची जाते, म्हणून शेवटचे काही दात सावकाश. आता सांगाडा आत घालून किल्लीने बंद करा, बाजूची क्रँक थांबेपर्यंत फिरवा. खिडकीत १ दिसला पाहिजे.

बॉडी आणि मॅगझिन दोन्हीवर छोट्या खिडक्या आहेत. दोन्ही पांढऱ्या असतील तर जोडा. एक लाल, एक पांढरी असेल तर फ्रेम वाया जाईल किंवा एकावर एक दोन फोटो येतील. डार्क स्लाइड आत असेपर्यंत खटका दबत नाही. म्हणून खटका दबत नसेल तर कॅमेरा बिघडला असं मानण्याआधी डार्क स्लाइड बघा.

कॅमेरा डाव्या तळहातावर ठेवा, डाव्या तर्जनीने खटका, उजव्या हाताने फोकस आणि क्रँक. वरच्या फाइंडरमध्ये दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय लागायला वेळ जातो. फोटो काढल्यावर फाइंडर काळा होतो आणि क्रँक फिरवल्यावरच आरसा परत खाली येतो. या मालिकेतल्या हाताने चावी भरायच्या सगळ्या बॉडी अशाच.

संथ वेगावर एक गोष्ट कायम पाळा: लेन्सचं शटर मिटेपर्यंत खटका सोडू नका. खटका सोडला की मागचे पडदे मिटतात, मग लेन्सचं शटर अजून उघडं असलं तरी फिल्मवर उजेड पोचत नाही. अर्ध्या सेकंदाचा फोटो अंधारा आला तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच. ट्रायपॉडवर असाल तर आरसा आधीच वर उचलायची कळ वापरा, म्हणजे त्याच्या धक्क्याने फोटो हलत नाही.

मीटर या बॉडींमध्ये नाही. हातातला मीटर किंवा फोनवरचं अॅप दोन्ही चालतं. पहिल्या रोलसाठी ४०० आयएसओची काळी-पांढरी फिल्म घ्या, तिच्यात चूक सामावून घ्यायची क्षमता जास्त असते आणि ती घरीही धुता येते. प्रत्येक फ्रेमचा वेग, अपर्चर आणि अंतर वहीत लिहा. रोल धुतल्यावर निगेटिव्ह पट्टीच्या रूपात समोर ठेवून आधी फ्रेममधलं अंतर बघा. ते सगळीकडे सारखं असेल तर मॅगझिनचे दाते ठीक आहेत. कुठे फ्रेम एकमेकीला चिकटल्या तर मॅगझिन दुरुस्तीला. मग कडा बघा, उजेडाची पट्टी असेल तर सील बदला. त्यानंतर चित्राकडे या.

आपल्याकडे पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, ताजी सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर पुरतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर काही वेळा चालवा. पडून राहिलं की आतलं तेल सुकतं, आणि शटर अडखळायला लागतं.